वाचकांचे प्रश्न : उपकरणांवरचा रबरी लेप चिकट का होतो?

माऊस, रिमोट, रेडिओ, दुर्बीण, हेडफोन, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ अशा वस्तूंचा मऊ रबरी भाग काही वर्षांनी हाताला चिकटू लागतो, ही तक्रार अनेक पत्रांत आली आहे. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी घेतलेला जादा माऊस खोक्यातच ठेवला होता, एकदाही वापरला नाही. आता काढला तर वरचा काळा रबरी भाग चिकचिकीत झाला आहे. हात लागलाच नाही तर घाण बसली कुठून? साबणाच्या पाण्याने पुसूनही फरक पडत नाही.

उत्तर : ही घाण नाही, म्हणूनच ती पुसून जात नाही. हाताला चिकटतो तो खुद्द लेप, तोच आता मोडकळीला आला आहे. साबण वरचा मळ काढतो, पण ज्या थरावर मळ बसतो तो थरच विरघळायला आला असेल तर साबणाचा काही इलाज चालत नाही.

तुमच्या माऊसचे कवच रबराचे नाही. खाली एबीएससारखे कडक प्लॅस्टिक असते आणि त्यावर पॉलियुरेथेनचा लेप फवारलेला असतो. हा लेप साधारण 20 ते 40 मायक्रॉन जाड, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. पॉलिओल आणि आयसोसायनेट हे दोन घटक फवारणीच्या सुमारास एकत्र करतात. त्यांची रासायनिक क्रिया होऊन लांब साखळ्यांचे एकमेकांत गुंतलेले जाळे तयार होते. स्पर्श मखमली लागावा म्हणून हे जाळे मुद्दाम विरळ ठेवतात आणि चकाकी घालवण्यासाठी सिलिकाची बारीक पूड मिसळतात. कडक रंगाच्या जाळ्यात गाठी दाट असतात, या लेपात त्या कमी. हाताला सुखावणारा मऊपणा आणि पुढे येणारा चिकटपणा, दोन्हींचे मूळ या विरळ जाळ्यात आहे.

आता न वापरता तो बिघडला कसा? स्वस्त लेपातले पॉलिओल बहुधा पॉलिएस्टर जातीचे असते. त्यातल्या एस्टर बंधावर हवेतल्या पाण्याची वाफ काम करते आणि बंध तुटून एका बाजूला आम्ल, दुसऱ्या बाजूला अल्कोहोल उरते. याला जलीय विच्छेदन म्हणतात. त्यात सुटलेले आम्ल पुढचे बंध तोडायला मदत करते, म्हणजे ही क्रिया स्वतःचा वेग स्वतःच वाढवत नेते. म्हणून वर्षानुवर्षे काही दिसत नाही आणि मग काही महिन्यांतच सगळा लेप लिबलिबीत होतो. विणलेल्या स्वेटरचे धागे जागोजाग कापले तर त्याला आकार उरत नाही. तसेच साखळ्या तुटून आखूड झाल्या की लेपाला घन पदार्थाचा ताठपणा राहत नाही आणि तो घट्ट द्रवासारखा वागू लागतो. धूळ, केस, बोटांचे ठसे, सगळे त्याला चिकटते.

या साऱ्याला हात लागण्याची गरज नाही. लागते ती दमट हवा, ऊब आणि वेळ. पुठ्ठ्याचे खोके आणि आतली प्लॅस्टिकची पिशवी पाण्याची वाफ फार काळ अडवत नाहीत. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम असा की तापमान 10 अंश सेल्सिअस वाढले की वेग सुमारे दुप्पट होतो. माळ्यावर किंवा उन्हात तापणाऱ्या भिंतीच्या कपाटात ठेवलेली वस्तू म्हणूनच लवकर जाते. घाम, त्वचेचा तेलकटपणा, हातांचे क्रीम आणि उन्हापासून संरक्षणाचे लोशन यांमुळे क्रिया आणखी वेगावते. रोज वापरलेल्या वस्तूंवर आधी अंगठा टेकतो तीच जागा चिकट होते, त्याचे कारण हे.

प्रश्न : त्याच वयाची माझी दुसरी एक वस्तू अगदी ठणठणीत आहे. असे कसे?

उत्तर : लेपाचे घटक वेगळे. पॉलिएस्टरऐवजी पॉलिईथर वापरले तर पाणी त्याला तोडत नाही, पण ऊन आणि ऑक्सिजन त्याला खातात. पॉलिकार्बोनेट जातीचे पॉलिओल दोन्हींना बरेच तोंड देते, मात्र ते महाग पडते. बाहेरून बघून, स्पर्शाने किंवा वासाने हा फरक ओळखता येत नाही, आणि खोक्यावर तो कोणी लिहीत नाही. याशिवाय मिश्रणात आयसोसायनेट कमी पडले किंवा भट्टीत लेप पुरेसा पक्का झाला नाही, तर एकाच नमुन्याच्या दोन वस्तूंतली एक आधी चिकट होते.

प्रश्न : माझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ओशट झाली आहे, एका जुन्या वायरीवर चिकटा आला आहे आणि दुर्बीणही चिकटते. तिन्हींवर एकच उपाय करावा का?

उत्तर : नाही. आधी जात ओळखा. एका जातीला लागू पडणारा उपाय दुसऱ्या जातीची नासाडी करतो.

एखाद्या झाकलेल्या जागी, खालच्या बाजूला किंवा बॅटरीच्या झाकणाच्या आत, नखाने हलकेच खरवडा. पातळ पापुद्रा निघून खाली कडक, कधी वेगळ्या रंगाचे प्लॅस्टिक दिसले तर तो फवारलेला लेप आहे. दुर्बिणीवर तुम्हाला बहुधा हेच आढळेल. दुर्बिणीचे रबर जाड आणि सोलून निघणारे असेल, तर ते मात्र पुढच्या जातीत मोडते.

मूठ आतपर्यंत रबराची असेल, एक-दोन मिलिमीटर जाडीचा मऊ भाग प्लॅस्टिकवर ओतून बसवलेला असेल, तर ते थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर. त्याला मऊ ठेवण्यासाठी आत खनिज तेल मिसळलेले असते आणि ते कालांतराने पृष्ठभागावर झिरपते. ओळखायची खूण अशी : कोरड्या कागदाने पुसा. मूठ लगेच बरी वाटली आणि आठवडाभरात पुन्हा ओशट झाली, तर आतून तेल येते आहे. कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण घालून मऊ ब्रशने घासा, कोरडी करा, टाल्कम पावडर चोळून झटका. दर काही महिन्यांनी हे करावे लागेल. मुठीवरच्या चिकटपणाला ग्रीस किंवा मशीनचे तेल कारण असेल तर हे रबर ते शोषून फुगते, आणि फुगलेले रबर पुन्हा पूर्ववत होत नाही.

वायर बहुधा पीव्हीसीची. पीव्हीसी मुळात कडक असते, त्यात प्लास्टिसायझर घालून ते मऊ करतात आणि तेच बाहेर येते. साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा. मुख्य काळजी ही की अशी वायर एबीएस किंवा पॉलिस्टायरीनच्या डब्याला गुंडाळून ठेवू नका. बाहेर आलेला प्लास्टिसायझर त्या डब्यात मुरतो, त्याला मऊ करतो आणि वायरीच्या आकाराची खाच कायमची उमटते. वायर कडक होऊन चिरली असेल तर ती फेकायचीच. चालू वीजपुरवठ्याची असेल तर तिथे काटकसर नको.

प्रश्न : फवारलेला लेप घरी कसा काढावा? नक्की काय, किती आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर : काढायचा म्हणजे पूर्ण काढायचा. तुटलेल्या साखळ्या पुन्हा जुळत नाहीत, तेव्हा लेप वाचवण्याचा प्रयत्न सोडा. या कामाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते, सर्वांत योग्य. इलेक्ट्रॉनिक वस्तूसाठी 90 टक्के किंवा अधिक शुद्धतेचे घ्या. कवच सुटे काढता येत असेल तर 70 टक्क्यांचेही चालते आणि ते सावकाश उडत असल्याने उलट सोयीचे जाते, पण त्यात पाणी असते. सर्किट आत असताना ते वापरू नका. माऊसएवढ्या वस्तूला 30 ते 50 मिलिलिटर पुरते. जुन्या सुती बनियनचे तळहाताएवढे दहाबारा तुकडे, कानातल्या काडीसारखे कापसाचे बोळे, लाकडी टूथपिक, जुना मऊ टूथब्रश आणि नायट्राइलचे हातमोजे एवढे जवळ ठेवा. आयपीएची वाफ सुमारे 12 अंश सेल्सिअसलाच पेटू शकते, म्हणजे खोलीच्या तापमानाला ती कायम पेटण्याजोगी असते. खिडक्या उघडा, शेगडी, उदबत्ती, हीटर जवळ नको.

आधी वीज तोडा, बॅटरी काढा. माऊसच्या तळाचे स्क्रू बहुधा सरकत्या पायपट्ट्यांखाली लपलेले असतात. पट्टी अलगद उचलून स्क्रू काढले आणि कवच सुटले, तर निम्मे काम सोपे झाले. न सुटल्यास सेन्सरची खिडकी, पडदा, भिंग, स्पीकरची जाळी आणि चार्जिंगचे तोंड कागदी चिकटपट्टीने झाका. पारदर्शक खिडक्या बऱ्याचदा ॲक्रिलिकच्या असतात आणि अल्कोहोल लागले की त्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडू शकतात. पडद्यावरचे चकाकी रोखणारे किंवा तेल न धरणारे थरही अल्कोहोलने जातात.

झाकलेल्या जागी एक थेंब टाकून दोन मिनिटांनी बघा. खालचे प्लॅस्टिक पांढुरके किंवा मऊ झाले तर थांबा. ठीक असेल तर कापडाचा तुकडा भिजवा, पण थेंब गळेल इतका नको, आणि लेपावर पसरून एक-दोन मिनिटे ठेवा. ओतू नका, द्रव फटीतून आत शिरतो. वाट पाहण्याचे हे दोन मिनिट सगळ्यात महत्त्वाचे, आणि घाईत तेच वगळले जातात. लेप अल्कोहोल पिऊन फुगला पाहिजे. मग कापड उचलून एकाच दिशेने, जरा दाब देऊन ओढा. मोडलेला लेप जिलेटिनसारखा होऊन काळ्या वळ्यांच्या रूपात कापडावर गोळा होतो आणि खालचे गुळगुळीत प्लॅस्टिक डोकावते. वळ्या दिसल्या की तुकडा बदला. त्याच कापडाने घासत राहिलात तर अल्कोहोल उडून जाते आणि सुटलेला चिखल पुन्हा पसरून घट्ट बसतो. बहुतेकांचे काम इथेच बिघडते आणि ते औषधाला दोष देतात. कापडाला वळ्यांऐवजी फक्त राखाडी रंग येऊ लागला की तो भाग संपला.

फटी आणि बटणांच्या कडा शेवटी घ्या. टूथपिकच्या टोकाला ओला कापूस गुंडाळून फटीतून ओढा. धातूचे टोक वापरू नका, त्याचे ओरखडे पुढे उघड्या प्लॅस्टिकवर कायम दिसतात. सगळे निघाल्यावर स्वच्छ कापडाने आयपीएचा एक हात फिरवा, मग साबणाच्या पाण्याने ओलसर कापड, मग कोरडे. बॅटरी किमान तासाभराने घाला.

दोन अडचणी हमखास येतात. पहिली : लेपावर छापलेली अक्षरे, चिन्हे, बटणांचे आकडे लेपाबरोबर जातात. रिमोट किंवा कॅल्क्युलेटर असेल तर आधी फोटो काढून ठेवा. दुसरी : लेप अर्धाच बिघडलेला असेल तर काम अवघड होते. चिकट जागा झटकन निघतात, पण धडधाकट जागा निघत नाहीत, कारण जुळलेले पॉलियुरेथेन अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, फक्त फुगते. तिथे भिजवण्याचा वेळ पाच मिनिटांवर न्या आणि प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाची कड जवळपास आडवी धरून खरवडा. दोन-तीन फेऱ्यांनंतरही चिवट राहिले तर सोडून द्या; ते स्वतः बिघडेल तेव्हा निघेलच. जोर लावून प्लॅस्टिकवर चरे पाडण्यात अर्थ नाही.

प्रश्न : नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, खाण्याचा सोडा, सॅनिटायझर, टाल्कम पावडर यांतले काय चालते?

उत्तर : नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर अजिबात नको. रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असते, ‘ॲसिटोनविरहित’ म्हटलेल्यांत बऱ्याचदा एथिल ॲसिटेट, आणि दोन्ही एबीएसला विरघळवतात. लेप निघतो खरा, पण कवचही वितळून खरबरीत होते. स्क्रूच्या खुंट्यांजवळ प्लॅस्टिक ताणात असते, तिथे भेगा पडतात.

सॅनिटायझर अल्कोहोलचेच असले तरी त्यात ग्लिसरीन आणि जेल घट्ट करणारे पदार्थ असतात. एकदम हलका चिकटा असेल तर चालवून घ्या, मागून पाण्याने पुसावे लागेल. सोडा मात्र उपयोगाचा आहे. तीन चमचे सोडा आणि एक चमचा पाणी यांची पेस्ट लेपावर चोळली की तो हलका घासतो आणि वरचा मोडलेला थर उचलतो. आयपीए मिळत नसेल किंवा लहान मुले जवळ असतील तर हाच मार्ग बरा. फक्त सुट्या कवचावर करा, कारण फटीत सुकलेला पांढरा सोडा पुढे कित्येक दिवस बाहेर येत राहतो. टाल्कम पावडर चिकटा झाकते, घालवत नाही. महत्त्वाच्या बैठकीपुरता लॅपटॉप हाताळता यावा एवढ्यासाठी ठीक. तेल, पेट्रोल, गंज सोडवणारे स्प्रे लावू नका. लेप आणखी मऊ होतो आणि तेल खालच्या प्लॅस्टिकवर राहते.

प्रश्न : लेप काढल्यावर वस्तू गुळगुळीत आणि चकचकीत झाली, हातातून निसटते. पुन्हा तसा लेप देता येईल का?

उत्तर : घरी देऊ नये. बाजारातले रबरी स्प्रे सोलून निघतात आणि हाताच्या घर्षणाने लवकर झिजतात. उघडे एबीएस पुढे वर्षानुवर्षे टिकते, ते तसेच ठेवणे हा आमच्या मते सर्वांत शहाणपणाचा पर्याय. चकाकी नको असेल तर 800 ते 1000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा. पकड हवी असेल तर कडेला व्हिनिलची खडबडीत पट्टी लावा. ती हवी तेव्हा बदलता येते.

प्रश्न : जुन्या कॅसेट डेकमध्ये पट्ट्याच्या जागी काळे डांबर सापडले. त्याच यंत्रातला एक रोलर मात्र दगडासारखा कडक झाला आहे. एकाच यंत्रात दोन टोके कशी?

उत्तर : सगळी रबरे एकाच दिशेने म्हातारी होत नाहीत. नैसर्गिक रबरात ऑक्सिजनमुळे साखळ्या तुटण्याकडे कल असतो, म्हणून ते मऊ आणि चिकट होते. नायट्राइल, निओप्रीन, स्टायरीन-ब्युटाडाइन यांत उलट साखळ्यांमध्ये नव्या गाठी बसतात आणि ते ताठरून चिरते. तुमच्या डेकमधला पट्टा बहुधा पॉलियुरेथेनचा होता. त्याची गत माऊसच्या लेपासारखीच, फक्त तो जाड असल्याने ढीग जास्त.

ते डांबर बोटांना लावू नका, दिवसभर निघत नाही. मोठा भाग टूथपिकने उचला, मग पुल्यांच्या खाचा आयपीएत भिजवलेल्या बोळ्याने पुसा, बोळा काळा येणे थांबेपर्यंत. खाचेत नखाएवढा डाग जरी राहिला तरी दर फेरीला नव्या पट्ट्याला झटका बसतो आणि आवाज लहरतो. पुलीच्या दांड्याजवळ बोळा पिळलेला असू द्या. अल्कोहोल बेअरिंगमध्ये उतरले तर तिथले तेल धुऊन जाते.

वितळलेल्या पट्ट्याचे माप घेता येत नाही. सुताचा दोरा सगळ्या पुल्यांवरून पट्ट्याच्याच वाटेने न ताणता फिरवा आणि त्याची लांबी मोजा. नव्या पट्ट्याचा आतला घेर त्याहून 5 ते 8 टक्के कमी हवा. दोरा 240 मिलिमीटर भरला तर 221 ते 228. फार घट्ट पट्टा मोटरच्या बेअरिंगवर ताण देतो, सैल पट्टा घसरतो. खाच चौकोनी असेल तर चौकोनी पट्टा, चाकाची कड सपाट असेल तर चपटा.

प्रश्न : जुन्या स्पूलच्या टेपा वाजवताना किंचाळतात आणि हेडवर तपकिरी चिकटा जमतो. त्या फेकाव्यात का?

उत्तर : फेकू नका आणि तशाच वाजवूही नका. 1970 आणि 1980 च्या दशकांतल्या अनेक टेपांत चुंबकीय पूड धरून ठेवणारा बंधक पॉलियुरेथेनचा होता आणि तो जलीय विच्छेदनाने चिकट झाला आहे. जाणकार तंत्रज्ञ अशा टेपा सुमारे 54 अंश सेल्सिअसला काही तास एकसारख्या उबेत ठेवतात. त्यामुळे ओलावा निघून बंधक काही काळापुरता घट्ट होतो आणि तेवढ्यात ध्वनिमुद्रणाची प्रत करून घेता येते. घरच्या ओव्हनचे तापमान वरखाली होते, तिथे हा प्रयोग नको. ॲसिटेटच्या पट्टीवरच्या त्याहून जुन्या टेपा तर तापवायच्याच नसतात; त्या सुकून ठिसूळ होतात. स्पूल उजेडासमोर धरल्यावर प्रकाश आरपार झिरपताना दिसला, तर टेप ॲसिटेटची असण्याचा संभव मोठा.

प्रश्न : नवीन वस्तू चिकट होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : शक्य असेल तर लेपच नसलेली वस्तू घ्या. साचातच खडबडीत केलेले साधे प्लॅस्टिक दिसायला कमी रुबाबदार, पण ते चिकट होत नाही. लेपाची वस्तू घेतलीच असेल तर ती थंड, कोरड्या जागी ठेवा. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर आयुष्य बरेच वाढते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि रंग बदलणाऱ्या जातीच्या असतील तर रंग बदलताच त्या तापवून पुन्हा कोरड्या करा. पुड्यांशिवाय बंद केलेला डबा दमट दिवशी भरला असेल तर आतला ओलावाही आतच राहतो. वापरातल्या वस्तू आठवड्यातून एकदा पाण्याने ओलसर कापडाने पुसा, म्हणजे त्वचेचे तेल साचत नाही. डास पळवणारे डीईईटीयुक्त मलम लावलेल्या हातांनी कॅमेरा किंवा दुर्बीण धरू नका. हे रसायन थेट प्लॅस्टिकवरच हल्ला करते.

प्रश्न : टीव्हीच्या रिमोटची बटणे दाबली जात नाहीत, उघडल्यावर आत ओशट थर दिसतो. हाही तोच रोग का?

उत्तर : नाही. बटणांची पट्टी सिलिकॉन रबराची असते आणि ते सहसा चिकट होऊन मोडत नाही. त्यातून झिरपलेले सिलिकॉनचे तेल आणि बोटांचा तेलकटपणा मिळून सर्किटच्या पाटीवर पातळ थर बसतो आणि संपर्क तुटतो. रबरी पट्टी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण सुकवा. पाटीवरच्या काळ्या ठिपक्यांवरून आयपीएचा ओलसर बोळा एकदाच हलका फिरवा. जोरात घासलेत तर ठिपक्यांवरचा कार्बन निघून येतो, आणि मग ते बटण कायमचे जाते.